जिप्सीच्या खालून मधूनच येणारा आवाज: क्राऊन-पिनियन उघडण्यापूर्वी

आपल्याकडे २००९ ची जिप्सी किंग आहे आणि ती १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. सडावाघापूरच्या पठारावरून पाटणकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० ते ५० च्या वेगाला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की खालून ‘घर्र’ असा आवाज येतो. तो रोज येत नाही आणि सकाळी गाडी थंड असताना तर बहुधा येतच नाही. याशिवाय गावात हळू चालवताना कधीकधी चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते, आणि मोठा पाऊस पडून गेला की ती दोन दिवस बंद असते. मागच्या चाकांची बेअरिंगे बदलून झाली, चारही क्रॉस (फिरत्या शाफ्टांच्या टोकांचे सांधे) बदलून झाले, आणि आता मिस्त्री डिफ्रन्शियल (एक्सलवरची दातांच्या चाकांची पेटी) उघडून क्राऊन-पिनियनचा जोड, म्हणजे तिच्यातील दातांच्या चाकांची जोडी, बदलू या म्हणत आहेत. तो खर्च करावा की करू नये, हा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, अजून करू नये. साताऱ्यात गॅरेज चालवताना जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांतील चारचाकी ड्राइव्हच्या गाड्या मी बरीच वर्षे हाताळत आलो आहे, आणि मधूनच येणाऱ्या आवाजावर सुटे भाग बदलत गेलेली गाडी शेवटी किती महाग पडते, हे मी मालकांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. आपली गाडी मी ऐकलेली नाही, त्यामुळे अमुकच भाग गेला आहे असे इथून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण दिलेल्या माहितीवरून मला एवढे मात्र स्पष्ट दिसते की, आवाज हुकमी काढता येण्याआधीच त्याचा इलाज सुरू झाला आहे. जो आवाज हवा तेव्हा काढता येत नाही, तो गेला की राहिला हेही कळत नाही. भाग बदलल्यावर चार दिवस शांततेत गेले की आपण समाधान मानतो आणि पाचव्या दिवशी घाटात तो पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपण एका आवाजाबद्दल लिहिले आहे, पण मला त्यात दोन आवाज दिसतात. एक हळू वेगात येतो आणि ओल लागली की थांबतो. दुसरा मध्यम वेगात, गाडी गरम झाल्यावर आणि इंजिन गाडीला मागे धरत असताना येतो. या दोन्हींना एकच कारण असेल, असे मानण्याचे कारण नाही. दोन आवाजांची लक्षणे एकत्र करून निदान केले की ते हमखास तिसऱ्याच भागावर जाते, आणि आपल्या बाबतीत ते डिफ्रन्शियलवर गेलेले दिसते. म्हणून पुढे मी या दोन्हींचा विचार वेगवेगळा करणार आहे.

त्याआधी जिप्सीची रचना थोडी समजून घ्यावी, कारण इतर बहुतेक गाड्यांपेक्षा ती वेगळी आहे. बऱ्याच फोर-बाय-फोर गाड्यांत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेला असतो. जिप्सीत तो स्वतंत्र असून रबरी माउंटिंगवर चासीला टांगलेला आहे, आणि गिअरबॉक्समधून त्याच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. म्हणजे या गाडीला पुढचा आणि मागचा असे दोन प्रॉपेलर नसून, हा मधला धरून तीन आहेत. आणि प्रत्येकाला दोन याप्रमाणे क्रॉस सहा आहेत. आपण चारही क्रॉस बदलले असे लिहिले, तेव्हा मी तिथेच थांबलो. उरलेले दोन कुठे गेले? मधला शाफ्ट आखूड असतो, वर फ्लोअर असतो, हात नीट जात नाही, ग्रीस गनचे तोंड निप्पलवर सरळ बसत नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये तो वर्षानुवर्षे सुटतो. हा दोष कोणा एकाचा नाही. माझ्याकडच्या पोरांनाही मला दर वेळी तो दाखवून द्यावा लागतो.

आता चिवचिव. क्रॉसच्या कपातील सुया (बेअरिंगच्या बारीक सळ्या) कोरड्या पडल्या की त्या अशीच चिवचिव करतात. पाणी आत शिरले की ते काही काळ वंगणासारखे काम करते आणि आवाज थांबतो. पाणी सुकले की गंज वाढलेला असतो आणि आवाज पुन्हा सुरू होतो. पाऊस पडल्यावर दोन दिवस शांतता, हे लक्षण त्याच्याशी चांगले जुळते. परंतु मागच्या ड्रमची पाठपत्री कुठेतरी घासत असेल किंवा कमानीच्या पाट्यांची बुशे कोरडी पडली असतील, तरीही ओल लागल्यावर आवाज थांबू शकतो. तेव्हा केवळ पावसावरून निर्णय करता येत नाही. मोजावे लागते, आणि ते अवघड नाही.

जिप्सीला २०५/७० आर १५ चे टायर असतील तर चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. ताशी ८ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाला, चाक सेकंदाला जवळपास एक फेरी घेते. डिफ्रन्शियलमधील दात असे असतात की चाकाच्या एका फेरीमागे प्रॉपेलर सुमारे चार फेऱ्या घेतो. हा आकडा स्वतः पडताळायचा असेल तर गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ढकलून, चाकाला आणि प्रॉपेलरला खडूची खूण करून फेऱ्या मोजता येतात. मधला शाफ्ट आणखी वेगाने फिरतो, कारण जिप्सीचा ट्रान्स्फर ‘हाय’मध्ये, म्हणजे नेहमीच्या चालीतसुद्धा, वेग सुमारे १.४ पटीने उतरवतो. याचा अर्थ असा की, त्याच पायी वेगाला चाकाशी संबंधित आवाज सेकंदाला एकदा येईल, मागच्या प्रॉपेलरचा चारदा, आणि मधल्या शाफ्टचा साडेपाच वेळा. प्रत्यक्ष कानाने चार आणि साडेपाच यांतील फरक मोजणे जमत नसेल, तर मोबाइल सीटखाली ठेवून दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करावा आणि नंतर निवांत मोजावे. स्पीडोमीटरचा काटा या वेगाला फारसा विश्वासू नसतो, म्हणून शेजारी चालणाऱ्या माणसाला चाकाच्या फेऱ्या मोजायला सांगावे. तेवढ्या वेळात चिवचिव किती वेळा आली, हे पाहिले की वेगाचा प्रश्नच उरत नाही.

याहून पक्की परीक्षा ‘लो’ची, म्हणजे ट्रान्स्फरच्या हळू चालीची आहे. मातीच्या किंवा मुरमाच्या मोकळ्या रस्त्यावर त्याच पायी वेगाने गाडी एकदा ‘हाय’मध्ये आणि एकदा ‘लो’मध्ये चालवावी. ‘लो’मध्ये ट्रान्स्फर सुमारे २.३ पटीने वेग उतरवतो, म्हणजे गाडीचा वेग तोच असताना मधला शाफ्ट आधीच्या सुमारे १.६ पट वेगाने फिरतो, तर मागचा प्रॉपेलर आणि चाके पूर्वीइतकीच फिरतात. चिवचिव वाढली तर दोष ट्रान्स्फरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला; तेवढीच राहिली तर ट्रान्स्फरच्या पलीकडे, चाकांच्या बाजूला. एकही बोल्ट न सोडता गाडीचे दोन भाग झाले. ही परीक्षा डांबरी रस्त्यावर मात्र करू नये, त्याचे कारण पुढे येईल.

मधल्या शाफ्टवर संशय आला तर गाडी खड्ड्यावर घेऊन त्याच्या क्रॉसच्या कपांभोवती पाहावे. सीलच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली तर ती आतल्या सुयांच्या गंजाची असते आणि मग वेगळा पुरावा लागत नाही. निप्पल असलेला क्रॉस असेल तर ग्रीस भरताना ते चारही कपांच्या कडेतून बाहेर आले पाहिजे. तिघांतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर चौथा कप बंद आहे आणि आवाज बहुधा त्याचाच आहे. ग्रीस भरल्यावर आवाज गेला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. आठवड्याभरात तो परत आला तर सुयांनी क्रॉसवर चरे पाडले आहेत असे समजावे आणि क्रॉस बदलावा.

आता ‘घर्र’. हा खरा गुंतागुंतीचा भाग आहे, कारण यात उतार, गिअर, उष्णता आणि पायाचा दाब अशा चार गोष्टी एकदम बदलतात आणि आपण त्या चारही एकाच वाक्यात लिहिल्या आहेत. त्या एकेक करून वेगळ्या काढाव्या लागतील. सपाट रस्त्यावर, गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालून गरम झाल्यावर, ताशी ५० ला तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडावा आणि आवाज येतो का ते पाहावे. आला, तर उताराचा संबंध संपला. मग त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये तेच करावे. चौथ्यातही तितकाच आणि त्याच स्वराचा आवाज आला, तर तो इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला नाही, म्हणजे क्लच, गिअरबॉक्सचा तिसरा गिअर आणि इंजिनची माउंटिंगे सध्या बाजूला ठेवता येतात. चौथ्यात तो गेला आणि तिसऱ्यातच राहिला, तर मागे काही उघडण्याआधी पुढे पाहावे लागेल. त्यानंतर त्याच सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू द्यावी. दाब काढल्यावर आवाज थांबला, तर कुठेतरी ताण आल्यावरच तो भाग बोलतो. तसाच राहिला, तर ताणाशी त्याचा संबंध नाही आणि चाके, टायर किंवा बेअरिंगे यांच्याकडे वळावे. ही न्यूट्रलची परीक्षा घाटात उतरताना कधीही करू नये, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण कुतूहलाच्या भरात ती केलेली माणसे मी पाहिली आहेत.

घाटाबद्दल आणखी एक बारकावा आहे. आवाज फक्त उतरतानाच येतो असे मालक सांगतात, आणि पुष्कळदा तो चढतानाही तेवढाच असतो. एक तर चढताना इंजिनच्या आवाजात तो बुडतो. शिवाय डोंगराचा कडा गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, यावरही ऐकू येणे अवलंबून असते. कडा जवळ असला की खालचा आवाज त्यावर आपटून काचेतून आत येतो, दरीच्या बाजूला तो निघून जातो. यवतेश्वरच्या घाटात मी गाड्या ऐकायला नेतो, त्याचे एक कारण हेच आहे. आपल्याकडे एखादी लांब दगडी कंपाउंडची भिंत असेल, तर दोन्ही काचा खाली करून तिच्या कडेने एकदा डावी बाजू आणि एकदा उजवी बाजू लागेल अशी गाडी न्यावी. आवाज गाडीच्या कोणत्या बाजूचा आहे, हे कळण्यासाठी इतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही.

समजा, या सगळ्यातून असे निघाले की आवाज गरम गाडीत, पाय सोडल्यावर, गिअर कोणताही असला तरी ४० ते ५० च्या दरम्यान येतो. तर माझा पहिला संशय ट्रान्स्फरच्या रबरी माउंटिंगवर जाईल. गाडी ओढत असताना ट्रान्स्फर एका बाजूला पिळला जातो आणि इंजिन गाडीला मागे धरत असताना उलट बाजूला. रबर धड असेल तर ही हालचाल जेमतेम असते. रबर पत्र्यापासून सुटले असेल तर ट्रान्स्फर झुलतो, मधल्या शाफ्टचा कोन बदलतो, आणि तो शाफ्ट आखूड असल्यामुळे थोड्या हालचालीनेही कोन बराच बिघडतो. कोन बिघडलेला क्रॉस एका फेरीत दोनदा धक्का देतो आणि तो विशिष्ट वेगाला चासीला घुमवतो. सकाळी आवाज नसतो, याचेही उत्तर त्यात मिळते: थंड रबर कडक असते आणि थंड ऑइल जाड असते, दोन्ही गोष्टी हालचाल दाबून धरतात.

हे तपासायला गाडी वर उचलावी लागत नाही. जिप्सीचा फोर-बाय-फोरचा दांडा थेट ट्रान्स्फरवरच बसवलेला आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाने त्या दांड्यावर तळहात नुसता टेकवून ठेवावा, ढकलू नये, आणि चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर दाबावा आणि सोडावा. दांडा किंचित सरकला तर ते स्वाभाविक आहे. पाय सोडताच तो ठसक्याने मागेपुढे गेला आणि त्याच क्षणी ‘घर्र’ आली, तर माउंटिंगे काढून हातात घेऊन पाहावीत. जागेवर असताना ती पुष्कळदा चांगली दिसतात, कारण वजनाने भेग मिटलेली असते. पहार लावून ट्रान्स्फर थोडा उचलला की भेग तोंड उघडते.

यानंतरची पायरी जागेवर उभे राहून करायची आहे. ट्रान्स्फरच्या दांड्याला न्यूट्रलची जागा असते. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढून, चारही चाकांना ओट (पाचर) लावून उभी करावी. ट्रान्स्फर न्यूट्रलमध्ये टाकावा आणि इंजिन चालू करून गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरवावा. आता गाडी हलत नाही, पण गिअरबॉक्स, मधला शाफ्ट आणि ट्रान्स्फरचा आत येणारा भाग फिरतो आहे. ‘घर्र’ इथेच ऐकू आली, तर डिफ्रन्शियल पूर्णपणे निर्दोष सुटले, कारण ते फिरतच नाही. ऐकू आली नाही, तर मात्र ते सुटत नाही, कारण इथे ताण नाही. फक्त संशय थोडा मागे सरकतो. ट्रान्स्फर न्यूट्रलमध्ये असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती धरली जात नाही, म्हणून ओट लावल्याशिवाय हे करू नये आणि फिरणाऱ्या शाफ्टजवळ हात, कपडा किंवा कान नेऊ नये.

पुढचा प्रॉपेलर काढून गाडी चालवणे, हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. आपल्या गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाके एक्सलपासून मोकळी करता येणारे) आहेत की साधे फ्लँज, हे आपण लिहिलेले नाही, आणि इथे त्याने फरक पडतो. फ्री-व्हील हब असतील आणि ते मोकळे केलेले असतील, तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे डिफ्रन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर फिरत नाहीत. तेव्हा हब एकदा मोकळे करून आणि एकदा लॉक करून तोच रस्ता चालवला की प्रॉपेलर न काढताच पुढच्या बाजूचा निकाल लागतो. साधे फ्लँज असतील तर पुढचे सगळे नेहमीच फिरत राहते. मग दोन्ही टोकांचे बोल्ट सोडून प्रॉपेलर काढावा, फ्लँजना खुणा करून ठेवाव्यात आणि टू-व्हीलमध्ये घाटात एक फेरी मारावी. मागचा काढून फोर-व्हीलच्या ‘हाय’मध्ये फक्त पुढच्या चाकांवर गाडी नेता येते, पण काही जुन्या रचनांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फरच्या मागच्या टोकावर असतो आणि तिथे मागचा प्रॉपेलर काढला की हँडब्रेक निकामी होतो. आपल्या गाडीचा कुठे आहे, ते आधी पाहून घ्यावे.

आता आधी झालेल्या कामाकडे वळतो, कारण बदललेला भाग चांगलाच असतो, असे धरून चालणे ही सर्वांत महाग चूक आहे. क्रॉस बदलताना प्रॉपेलरचा सरकता जोड सुटा केला असेल, तर तो पुन्हा बसवताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आले पाहिजेत. स्प्लाइन (जोडातील उभे दात) एक-दोन दातांनी चुकली तरी जोड आत बसतो, दिसायला सगळे ठीक दिसते, पण एका टोकाचा हेलकावा दुसरे टोक पुरता रद्द करत नाही आणि मध्यम वेगाला घरघर सुरू होते. ‘घर्र’ क्रॉस बदलण्याआधी होती की नंतर सुरू झाली, हे आपण आठवून पाहावे; नंतर सुरू झाली असेल, तर वर लिहिलेले सगळे सोडून आधी हे तपासावे. शाफ्टवर जुनी खूण नसेल तर दोन्ही टोकांचे काटे समोरून नजरेने जुळवता येतात. कप ठोकून बसवताना एखादी सुई आडवी पडून तळाशी दबली, तर कप पूर्ण बसत नाही, सर्क्लिप खाचेत नीट जात नाही आणि क्रॉस एका दिशेला घट्ट वळतो. प्रॉपेलर सोडून हाताने चारही दिशांना वळवून पाहिला की हे लगेच कळते.

मागच्या बेअरिंगांबद्दल एवढेच सांगतो की, ती बदलण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवून पाहायला हवे होते. बेअरिंगचा गुंजारव वळताना भार येणाऱ्या बाजूला वाढतो आणि ॲक्सिलरेटर सोडल्याने बदलत नाही. आपला आवाज पाय सोडल्यावरच येतो, तेव्हा तो बेअरिंगचा असण्याची शक्यता आधीपासूनच कमी होती.

डिफ्रन्शियल उघडायला मी कधी तयार होईन, तेही सांगतो, नाहीतर माझे उत्तर नुसते नकाराचे होईल. प्रथम ऑइल काढून पाहावे. ड्रेन प्लग चुंबकाचा असेल तर त्यावरचा करडा, लोण्यासारखा गाळ ही झीज स्वाभाविक असते. चमकणारे पापुद्रे किंवा बोटाला टोचणारे तुकडे स्वाभाविक नसतात. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. आपल्या भागात हे नेहमी घडते: गाडी घाट उतरून गरम होते, लगेच ओढ्यात शिरते, एक्सल एकदम गार पडतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (एक्सलचे हवेचे भोक) चिखलाने बंद असेल तर ती सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. असे पाणी महिनोन्‌महिने आत राहिले की पिनियनच्या बेअरिंगांवर गंजाचे डाग पडतात. दुसरे म्हणजे प्रॉपेलर सोडून पिनियनचा फ्लँज हाताने पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहावा. तिथे प्ले (ढिलाई) जाणवला, तर पाय सोडल्यावर येणाऱ्या आवाजाचे ते खरे कारण असू शकते, कारण ताण उलटला की पिनियन आपली जागा सोडतो. ऑइल स्वच्छ असेल आणि पिनियन घट्ट असेल, तर क्राऊन-पिनियनचा जोड बदलण्याला माझी संमती नाही. आणि पिनियनमध्ये प्ले असेल, तरी आधी बेअरिंगे बदलून दातांवर रंग लावून स्पर्श कुठे येतो ते पाहावे. दात बरे असतील तर जोड तोच ठेवता येतो. भरताना एक्सलला जीएल-५ दर्जाचेच ऑइल घालावे, आणि ब्रीदरमध्ये फुंकर मारून तो मोकळा आहे ना, हे पाहावे. ही फुंकर बहुतेक ठिकाणी कोणी मारत नाही.

या बाबतीत मी इतका अडून बसतो, त्याला माझीच एक चूक कारणीभूत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मेढ्याच्या बाजूने एक जीप आली होती. पाय सोडला की ‘घर्र’, अगदी आपल्यासारखीच. मी अनुभवाच्या घमेंडीत तासाभरात निदान केले, डिफ्रन्शियल उघडले, नवा जोड शिमा (पातळ चकत्या) लावून बसवला आणि संध्याकाळी गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली. पहिल्याच वळणावर तोच आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली नुसता पडून राहिलो, तेव्हा क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) नाण्याएवढा एक चकचकीत डाग दिसला. सायलेन्सरच्या पाइपचे एक रबर तुटले होते. पाय सोडला की इंजिन उलट्या बाजूला कलायचे आणि पाइप तिथे टेकायचा. मजुरी मी घेतली नाही आणि जोडाची निम्मी किंमतही सोसली, पण मालकाचे दोन दिवस आणि माझ्यावरचा विश्वास भरून द्यायला काही साधन नव्हते. तेव्हापासून कोणत्याही गाडीखाली शिरलो की पाना उचलण्याआधी मी टॉर्च घेऊन चकचकीत डाग शोधतो. घासणारी वस्तू आपला पत्ता स्वतःच लिहून ठेवते. आपणही तेवढे आधी करावे. पाइप, हँडब्रेकची केबल, पेट्रोलच्या टाकीचा खालचा पत्रा आणि सीटखालचा जॅकसुद्धा.

‘लो’ फोर-व्हीलमध्येच लागतो, आणि डांबरावर फोर-व्हील का नको, ते राहिले. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफ्रन्शियल नाही. फोर-व्हील लावले की दोन्ही प्रॉपेलर एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत तो फरक चाक घसरून भरून निघतो, डांबरावर तो शाफ्टमध्ये पिळून साठत जातो आणि मग ‘खाट्’ करून सुटतो. अशा परीक्षेत ऐकू येणारा आवाज दोषाचा नसून परीक्षेचाच असतो. टायरचेही तसेच आहे. पुढे ८ मिलिमीटर खाचेचे नवे टायर आणि मागे ३ मिलिमीटरचे जुने असतील, तर दर किलोमीटरला चाकांच्या फेऱ्यांत सुमारे ७ चा फरक पडतो. आपल्या चारही टायरांची खाच मोजून ठेवावी, कारण फोर-व्हीलमधील कोणतीही परीक्षा त्यावर अवलंबून आहे.

गाडी जॅकवर घेऊन चाके फिरवून ऐकायचे असेल, तर चारही कोपरे भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवेत. फक्त मागचा एक्सल उचलून फोर-व्हीलमध्ये इंजिन चालवले की जमिनीवरची पुढची चाके गाडीला घोड्यांवरून खेचून काढतात. गाडी अशी चालू असताना खाली कोणीही शिरू नये.

आपण एका वहीत तारीख, हवा, गाडी किती किलोमीटर चालून गरम झाली होती, वेग, गिअर, पाय दाबलेला की सोडलेला, आणि गाडीत किती माणसे व ओझे होते, एवढे दोन आठवडे लिहून ठेवावे. ओझ्याचा रकाना गाळू नये. मागे बाजारच्या गोण्या भरल्या की कमानी दबतात आणि मागच्या प्रॉपेलरचा कोन बदलतो, आणि काही आवाज फक्त बाजारच्या दिवशीच येतात. या दोन आठवड्यांत खर्च करायचाच असेल, तर तो मधल्या शाफ्टच्या दोन क्रॉसवर आणि ट्रान्स्फरच्या माउंटिंगवर करावा, आणि दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत. आधी क्रॉस बदलून चार-पाच दिवस चालवावे आणि चिवचिव गेली का हे पाहावे, मग माउंटिंगे. मिस्त्रींना हे उत्तर दाखवायला माझी हरकत नाही. त्यांनी पिनियनचा फ्लँज हलवून पाहिला आहे का, एवढेच त्यांना आधी विचारावे, आणि त्यांनी तो हलताना पाहिला असेल तर किती हलला, ते मला कळवावे.